यष्टी वळवायला जागा

राजकारणात पडण्याआधी अकरा वर्षं मी परभणीच्या एका कॉलेजात लोकप्रशासन शिकवत होते. सरकारी धोरण कसं ठरतं आणि खाली येताना ते कुठं अडकतं, हे मी फळ्यावर चौकोन आणि बाण काढून समजावून सांगायची. वरच्या चौकोनात मंत्रालय, तळाच्या चौकोनात गाव, मधे सात बाण. सगळे बाण वरून खाली. मुलं निमूट उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच काढायची आणि पास व्हायची. मलाही ते पुरेसं वाटायचं.

ब्याण्णव साली जिल्हा परिषदेत बायकांना जागा राखून ठेवल्या आणि आमचा गट अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव झाला. गटातले दोन मोठे पुढारी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ‘ही प्राध्यापकीण बरी, म्हणू तिथं सही करील,’ असं दोघांनाही एकाच वेळी वाटलं. माझ्या विजयाचं गुपित एवढंच. विरोधकांचा प्रचारही एकाच शब्दाचा होता: ‘नामांतरवाली’. तो शब्द खोटा नव्हता. अठ्ठ्याहत्तरला मी एम.ए.ला होते. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून मोर्चात चालले होते आणि आठ दिवस तुरुंगातली भाकरी खाऊन आले होते. त्याच साली आमच्या नात्यातल्या दोन घरांचे वासे जळाले. ते मी विसरले नाही आणि प्रचारात कधी काढलंही नाही. मतं मागायला सगळ्यांच्याच दारात जायचं होतं.

जिल्हा परिषद सदस्याचं काम काय, हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. थोडं सदस्यांनाही माहीत नसतं. कागदावर शाळा, गावरस्ते, हातपंप, दवाखाने, गुरांचे दवाखाने हे आमच्याकडं. सभेत ठराव मांडायचा, कामाला मंजुरी आणायची, आणि मंजूर झालेलं काम खरंच झालं का ते जाऊन बघायचं. पण माणसं कागद वाचून येत नाहीत. दर बाजाराच्या दिवशी मी ताडकळसला चहाच्या हॉटेलाबाहेर बाकडं टाकून बसायची. तिथं एक गृहस्थ मास्तरांची बदली मागायला आले. मास्तर शिकवत नाहीत का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, लय शिकवायलेत, पोरगं रानात यायला तयार न्हाई. दुसऱ्या एकांना शिफारसपत्र हवं होतं. कुणाच्या नावानं लिहू, असं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, ते मागून ठरवू, तुमी आधी लिहून तर द्या. मी त्यांना कोरं पत्र दिलं नाही, म्हणून त्यांनी पुढची पाच वर्षं मला ‘अडवणूक करणारी बाई’ म्हटलं.

त्या बाकड्यावरच एका दुपारी सावरखेड्याच्या मुली आल्या. गावाचं हे नाव मी बदललेलं आहे. खरं नाव छापलं, तर तिथली माणसं ‘अमकं लिहायचं राहिलं’ म्हणून भांडायला येतील. ताडकळसपासून पाचेक किलोमीटर आत, मधे दोन ओढे, मातीची वाट, सातवीपर्यंत शाळा; आठवीला ताडकळसलाच जावं लागायचं. मुली चार-पाच होत्या, पण कागदावर सह्या अकरा होत्या. पुढं आलेल्या मुलीचं नाव मंदा. पुंजाराम आबा म्हणून गावातले मोठे शेतकरी, त्यांची ती नात. अर्ज तिनंच लिहिला होता. विषय, संदर्भ, ‘महोदया’, सगळं जागच्या जागी. मागणी एका ओळीत: आम्हाला आठवीला जायचे आहे, तरी आमच्या गावी यष्टी सुरू करावी.

मी सह्या वाचल्या आणि पुन्हा वाचल्या. गावातल्या सहा आणि भीमनगरातल्या पाच, आणि त्याही एकाआड एक. भीमनगर म्हणजे गावाबाहेरची आमच्या बौद्ध लोकांची वस्ती. त्या दिवसांत गावोगाव दोन्ही वस्त्यांचं बोलणं कामापुरतं उरलेलं होतं. नामांतर होणार की नाही, यावरून चहाच्या टपऱ्यासुद्धा वेगळ्या झाल्या होत्या. मंदाला विचारलं, पायी का नाही जात? ती म्हणाली, घरचे पाठवीत न्हाईत, दिवस वाईट हायत म्हणत्यात. भीमनगरातल्या मुलीनंही तेच सांगितलं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना भिऊन आपापल्या मुली घरात ठेवत होती.

मी अर्ज घेऊन एसटीच्या आगारप्रमुखांकडं गेले. सय्यद साहेब. निजामाच्या काळात त्यांचे वडील कुठल्याशा कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं फायली मांडणारे कारकून होते, आणि साहेबांना नियमांचं प्रेम वारशानं मिळालं होतं. मलाही नियमांचं वेड, त्यामुळं आमचं पहिल्या भेटीतच जमलं. त्यांनी चहा मागवला आणि गाडी सुरू व्हायला काय लागतं ते बोटांवर मोजून सांगितलं. एक, भारमान, म्हणजे गाडी भरेल एवढी माणसं आहेत का. दोन, रस्त्याला गाडी पेलेल असा बांधकाम खात्याचा दाखला. आणि तीन, शेवटच्या गावात गाडी वळवायला जागा. पहिल्या दोन गोष्टी मी घाईघाईनं लिहून घेतल्या. तिसरी लिहिलीसुद्धा नाही. गावात काय, जागाच जागा असते.

भारमानासाठी मी एका बाजाराच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या ओढ्याच्या काठावर वही घेऊन बसले. पायी किती, बैलगाडीत किती, डोक्यावर पाटी किती, कडेवर लेकरू किती, अशा रेघोट्या मारत होते. पुस्तकात याला पाहणी म्हणतात. गावानं ‘बाई येडी झाली, माणसं मोजायली’ म्हटलं. रस्त्यासाठी मात्र भांडावं लागलं. सर्वसाधारण सभेत तीनदा विषय मांडला, दोनदा तो पुढं ढकलला गेला. तिसऱ्यांदा मी रस्ते वाटपाचा नियम, त्याचं कलम आणि पोटकलम असं उभ्यानं वाचून दाखवायला लागले. अर्ध्या तासानं अध्यक्ष म्हणाले, ताई, मंजूर करतो, पण बसा. राजकारणात प्रत्येकाचं एक हत्यार असतं. माझं ते. दिवाळीनंतर मुरूम पडला, दोन्ही ओढ्यांवर नळ्यांचे पूल झाले, दाखला मिळाला.

आणि मग तपासणीची रिकामी गाडी आली. पुढं चालक, शेजारी सय्यद साहेब, मागं मी. सगळं गाव रस्त्यावर. गाडी मारुतीच्या पारापर्यंत दिमाखात आली आणि तिथं उभीच राहिली. दोन्ही अंगाला घरं, समोर पार. वळायला जागाच नव्हती. मागं घ्यायचं ठरलं. त्या क्षणी गावातला प्रत्येक माणूस वाहतूक पोलीस झाला. डावीकडचे म्हणत होते ‘यिऊ द्या’, उजवीकडचे म्हणत होते ‘थांबा’, आणि एक म्हातारबा गाडीच्या पुढं उभे राहून मागं जाणाऱ्या गाडीला वाट दाखवत होते. शेवटी मागचं चाक पुंजाराम आबांच्या उकिरड्यात कमरेएवढं गेलं.

बैल आले, दोर आले, गावातली आली तशी भीमनगरातलीही आली. एसटीला हात लावायला कुणी कुणाची जात विचारली नाही. तासाभरानं गाडी निघाली, तेव्हा सगळे शेणानं माखलेले आणि हसून हसून बेजार झालेले. सय्यद साहेबांनी विजार झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, तिसरी बात तुमने लिखीच नै थी ना?”

हसणं दुसऱ्या दिवशी संपलं. गाडी वळेल अशा गावात दोनच जागा होत्या. एक आबांचं खळं, गावाच्या कडेला, गोल, चोपून सारवलेलं. गाडीसाठीच केल्यासारखं. दुसरी, भीमनगरात विहारापुढचं मैदान, जिथं निळा झेंडा होता. मी गावाची बैठक बोलावली. शाळेतला फळा बाहेर आणायला लावला आणि खडूनं नकाशा काढला. इथं खळं, इथं मैदान, याचे फायदे चार, त्याचे तोटे तीन. वर्गात शिकवायची तसंच. शेवटी म्हटलं, आबांचं खळं सगळ्यांत सोयीचं आहे, ते नाहीच जमलं तर आपलं मैदान आहेच.

पुंजाराम आबा पासष्टीचे, उंच, डोक्याला फेटा, बोलायला कमी. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि निघून गेले. त्यांच्यामागं निम्मी बैठक गेली. मग उरलेल्यांत भांडण लागलं. कुणी म्हणालं, मैदान गायरानच आहे, घेऊन टाका. कुणी म्हणालं, भीमनगरात यष्टी थांबली, तर आम्ही तिथं जाऊन बसायचं का? तिकडून उत्तर आलं, यष्टी थांबली, तर पाटीवर नाव भीमनगरचंच लागेल. नावाचं भांडण एकदा निघालं की त्या काळात ते गावापुरतं राहत नसे. बैठक मोडली.

मी फळा पुसत होते, तेव्हा गयामावशी जवळ आली. गयाबाई म्हणजे भीमनगरातली सुईण. दोन्ही वस्त्यांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. मला ती लेकीसारखं बोलायची.

“सुमन,” ती म्हणाली, “आमी तुझे, म्हणून तू आमाला इचारलं न्हाईस. आबा तुझा न्हाई, म्हणून त्याला इचारलं न्हाईस. मग इचारलंस कुणाला?”

अकरा वर्षं मी मुलांना शिकवलं होतं, की धोरण ठरवण्याआधी ज्याला त्याची झळ लागणार त्याच्याशी बोला. आणि शंभर माणसांदेखत एका म्हाताऱ्याचं खळं खडूनं रंगवून ठेवलं होतं. स्वतःच्या लोकांचं मैदान तर खिशातली वस्तू असल्यासारखं देऊन टाकलं होतं. माझ्या कारकिर्दीत पुष्कळ चुका झाल्या. हिची लाज अजून वाटते.

पुढचा महिनाभर मी सावरखेड्याला गेले नाही. पौष लागला. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नव्या नावाची घोषणा झाली. सोळा वर्षांनी. आमच्या घरी माणसं रडत होती, हसत होती, तिळगुळाबरोबर पेढे वाटत होती. मी दिवसभर कुणाकुणाला मिठ्या मारत होते. पण रस्त्यावर पोलीस होते, आणि कितीतरी गावांत त्या दिवशी निम्मी दारं बंद होती. सगळे म्हणत होते, ताई, चार दिवस कुठं बाहेर पडू नका. मी तिसऱ्या दिवशी निघाले. चुडाव्याला एका बैठकीला जायचं निमित्त होतं. तिथून परत न येता सावरखेड्याची वाट धरली. भीमनगरात आधी गेले नाही. सरळ आबांच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिले.

आबा बाजेवर बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी शेजारची सतरंजी दाखवली. मी बसले. आत बांगड्या वाजल्या, मग बराच वेळ काही नाही. मला माहीत होतं आत काय चाललं असेल. चहा कशात द्यायचा, हा प्रश्न. शेवटी मंदाची आई बाहेर आली आणि तिनं आबांच्या आणि माझ्या हातात एकसारखे स्टीलचे पेले दिले. आबांनी ते पाहिलं आणि आपला पेला तोंडाला लावला.

मी म्हटलं, आबा, त्या दिवशी माझं चुकलं. घरी येऊन विचारायला पाहिजे होतं. खळ्याचं बोलायला आले नाही, एवढंच सांगायला आले.

आबांनी चहा संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “बाई, तुमच्या इद्यापीठाचं नाव मला पटलं न्हाई. काल न्हाई, आजबी न्हाई. ते तुमाला तोंडावर सांगतो. पर तुमी तवा घरी येऊन इचारलं असतं, तर मी खळं त्याच दिवशी दिलं असतं.”

मी म्हटलं, नावाचं मला पटलं आहे आणि उद्याही पटेल. तेही तोंडावर सांगते.

“मंग झालं की,” आबा म्हणाले. “भांडाय एक हाय, बोलाय एक हाय.”

मग त्यांनी मंदाला हाक मारली. तिनं मागच्या महिन्यात दोरी घेऊन खळं मोजलं होतं, एसटीच्या लांबीशी ताडून पाहिलं होतं, आणि गाडी वळते हे कळूनही खळं मिळेना म्हणून ती आजोबांशी बोलत नव्हती. आबांना सगळ्यात जास्त ते लागलं होतं. खळं द्यायला आता त्यांची अडचण एकच होती. ज्वारी काढल्यावर मळणीचे पंधरा दिवस खळं त्यांना लागणार. ते दिवस गाडी कुठं वळणार?

मी म्हटलं, ते मी ठरवू शकत नाही. विचारून येते.

आणि उठून भीमनगरात गेले. गयामावशीच्या अंगणात बसले, आणि या वेळी फळा नाही, खडू नाही, फक्त विचारलं. तिनं चार म्हाताऱ्यांना बोलावलं. तासभर बोलणं झालं. झेंड्याला धक्का लागता कामा नये, ही एकच अट निघाली. तरुणांतला एक जण म्हणाला, आणि पाटीवर नाव? तेव्हा गयामावशी म्हणाली, “नाव लागायचं तिथं लागलंय. यष्टीच्या पाटीला काय करता? पोरी तेवढ्या त्या नावापर्यंत पोचू द्या.” त्यानंतर पाटीचा विषय कुणी काढला नाही. पाटी नुसत्या गावाच्या नावाची लागली.

खरी गंमत पुढं. सय्यद साहेबांच्या छापील फॉर्मवर ‘वळणाची जागा’ अशी एकच ओळ होती. दोन जागा कशा लिहायच्या? त्यांनी चष्मा पुसला, नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुपार गेली. शेवटी त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: खळे, मळणीच्या हंगामात मैदान. आणि बाजूला कंसात ‘हंगामी वळण’. हा शब्द कुठल्याही शासन निर्णयात नाही. सावरखेड्याच्या दोन वस्त्यांनी आणि एका आगारप्रमुखानं मिळून तो तयार केला, आणि मी तो पुढं कॉलेजातल्या पोरांना अभिमानानं शिकवला.

फाल्गुनात गाडी सुरू झाली. नेमकी तेव्हाच आबांची ज्वारी खळ्यात आलेली. म्हणजे पहिला मान मैदानाचा. सकाळी सातला मी भीमनगरात पोचले, तेव्हा विहारापुढं रांगोळी होती आणि झेंड्याभोवती विटांचा गोल रचून चुना लावलेला होता. मुली गणवेशात उभ्या होत्या. मी मोजल्या. नऊ. अर्जावरच्या दोघींची त्या वर्षात लग्नं झाली होती. रस्ता दोनदा पुढं ढकलला गेला नसता, मी महिनाभर तोंड लपवून बसले नसते, तर कदाचित अकरा असत्या. तो हिशोब मी सोडून देऊ शकत नाही. ताडकळसच्या मुख्याध्यापकांनी वर्ष संपत आलं असूनही मुलींना आठवीच्या वर्गात बसू दिलं, आणि जूनमध्ये रीतसर नाव घालू म्हणून सांगितलं.

गावाकडून माणसं येत होती, पण मैदानाच्या कडेला येऊन थबकत होती. तेवढ्यात मंदाचं दप्तर हातात घेतलेले आबा आले. ते थबकले नाहीत. मैदानाच्या मधोमध आले, तसं गयामावशीनं घरातून घोंगडी आणून अंथरली. आबा म्हणाले, कशाला, उभाच हाय की. ती म्हणाली, “बसा. यष्टी कवा वेळेवर आलीय?” आबा बसले. मग बाकीचेही आले.

गाडी आली. चालकानं एका झटक्यात पूर्ण गोल वळण घेतलं, झेंड्याभोवतीच्या चुन्याला न शिवता. मैदानभर टाळ्या पडल्या. गयामावशीनं चालकाला, वाहकाला आणि गाडीच्या तोंडाला कुंकू लावलं. मुली चढल्या, वाहकानं घंटी दिली, आणि नऊ हात खिडक्यांतून बाहेर आले. गाडी पुलापलीकडं दिसेनाशी झाली, तरी कुणी हललं नाही. मग गयामावशीच्या सुनेनं चहा आणला. आबांनी तो घेतला, आणि ज्वारीला यंदा कसा उतारा पडला यावर ते आणि गयामावशी बोलत बसले.

दुसऱ्या दिवशीही आबा आले. तिसऱ्या दिवशीही. मंदा म्हणायची, आबा, मी एकटी जाते की. आबा म्हणायचे, मला तिकडं काम हाय. रोज सकाळी घोंगडी, रोज चहा. गावातली आणखी दोन म्हातारी माणसं बसायला लागली. पुढच्या निवडणुकीत मी पडले. त्या दोन पुढाऱ्यांचं तोवर पुन्हा सूत जमलं होतं. पण हरल्याचं दुःख मी कधी फार केलं नाही. त्या मैदानात सकाळी एकदा बसून आलेल्या माणसाला ते करता येत नाही.

पण ते नंतरचं. मळणीचे पंधरा दिवस संपले, वीस झाले, पंचविसावा उजाडला. खळं कधीचं रिकामं दिसत होतं, पण आबांकडून निरोप येईना. सय्यद साहेबांनी मला रीतसर लेखी विचारणा केली, की हंगामी वळण आणखी किती दिवस चालू ठेवावे? मी आबांना विचारलं. ते मैदानात घोंगडीवर बसले होते, हातात चहा. माझ्याकडं न बघता म्हणाले, “मळणी चालू हाय म्हणून लिवा.”

मी तसंच लिहिलं आणि सही केली. सदस्य म्हणून सरकारी कागदावर मी धडधडीत खोटं लिहिलं ते एवढंच, आणि सय्यद साहेबांनी ते खरं मानून फायलीला लावलं.